चौथ्या भागाला भरलेला हंडा

पहिले तीन भाग झकास. चौथ्यापासून पुढं नुसता कचरा. हे माझं ठाम मत आहे. या मतापायी मी धाकट्या जावेशी भांडले, सासूशी अबोला धरला आणि एकदा तर भरल्या ताटावरून उठले. सिनेमावरून ताटावरून उठणारी बाई अख्ख्या मुकुंदवाडीत मीच असेन.

सिनेमा म्हणाल तर बाहेरच्या देशातला, हिंदीत डब केलेला. एक ट्रक ड्रायव्हर असतो. त्याची बायको खाणीत गाडली गेलेली. मग त्या खाणीतून मेलेली माणसं उठून गावात यायला लागतात आणि हा गडी लोखंडी साखळी गरागरा फिरवून एकेकाला लोळवतो. झाली गोष्ट. काढणाऱ्याच्या खिशात दमडी नव्हती हे पहिल्या सीनलाच कळायचं. मेलेली माणसं सगळी मिळून पाच-सहाच, तीच शर्ट बदलून परत परत यायची. त्यातला एक वाकड्या कानाचा होता. तो दिसला की माझ्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, हा मघाशीच मेला की! पुन्हा आला व्हय? लई कष्टाळू हाय बिचारा."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सोयगावकडच्या बाई. सासरे गेल्यावर आमच्याकडं मुकुंदवाडीत राहायला आल्या आणि दोन खोल्यांच्या आमच्या घरात त्यांचा पलंग टीव्हीसमोर लागला. आमचे हे चिकलठाण्याच्या कंपनीत, पोरं शाळेत. दुपारी घरात आम्ही दोघीच. केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं, त्यावर जेवणं झाली की असलेच सिनेमे लागायचे. पहिल्या दिवशी मी बंद करायला उठले, तर आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे की. बघू तर दे, हा मेलेला कुठं निघालाय." तिथनं आमचं जमलं.

ती दुष्काळाची वर्षं. नळ कोरडे ठाक. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा आणि नेमका सिनेमा रंगात आला की यायचा. हॉर्न वाजला की पदर खोचून, हंडे घेऊन पळायचं. आत्याबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून रांगेत मीच. त्यावरून आमचा एक नियम पडला. पाण्याला गेलेलीला राहिलेला सिनेमा घरात बसलेलीनं सांगायचा, काही न गाळता. आणि निकाल द्यायचा तोही पाण्याच्या मापात. चांगला सिनेमा म्हणजे भरलेला हंडा, बरा म्हणजे कळशी, टुकार असला तर तांब्या. बाहेर रोज तेच मोजत होतो, मग घरात दुसरं कुठलं माप आणणार?

पहिल्या भागाला आम्ही भरलेला हंडा दिला. त्याचा शेवट मी पाहिला नव्हता. भर उन्हात टँकरशी एका बाईनं माझ्या झिंज्या धरल्या होत्या, तेव्हा इकडं तो ट्रक ड्रायव्हर खाणीत उतरत होता. मी हंडा घेऊन धापा टाकत आले तशी आत्याबाईंनी सांगायला घेतलं. खाणीत त्याच्यासमोर कोण येतं, तर त्याचीच मेलेली बायको. तो साखळी उचलतो, पण हात काही खाली येत नाही. मग तो तिला विचारतो, तहान लागली का? ती मान हलवते. तो आपल्या कॅनमधलं पाणी तिच्या ओंजळीत ओततो. ती पिते आणि आपल्या पायानं खाणीत परत जाते. "अन् जाताना मागं वळून म्हणती," आत्याबाई म्हणाल्या, "भाकर खाऊन घ्या." मी तिथंच हंड्याशेजारी बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या भागात वाकड्या कानाचा हात जोडून म्हणतो, आता मला मारू नका, मी दमलो. ड्रायव्हर त्याला ट्रकमध्ये शेजारी बसवतो आणि त्याच्या गावाला नेऊन सोडतो. तिसऱ्याचा शेवटही असाच, आतडं पिळवटणारा. हे भाग चॅनलवर पुन्हा लागायचे, पण पुन्हा टँकरही यायचाच, नाहीतर लाइट जायची. मला त्याचं काही वाटलं नाही. आत्याबाईंनी सांगितलं म्हणजे मी पाहिलंच की!

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊबाई आल्या. शिकलेली, शहरात वाढलेली, लॅपटॉपवाली. सासूला पहिल्या दिवसापासून 'आई' म्हणायला लागली. मी इतकी वर्षं आत्याबाई म्हणतेय, मला नाही कधी सुचलं. एका दुपारी आमच्याजवळ बसून म्हणते कशी, "आई, या सिनेमाचे पुढचे तीन भाग आहेत. मी लावून देते ना." आत्याबाईंचे डोळे असे चमकले की मी तिथनं उठलेच.

दीर-जावेनं चिकलठाण्याच्याही पुढं फ्लॅट घेतला. काल-परवापर्यंत तिथं ज्वारी उभी राहायची, आता इमारती उभ्या. लिफ्ट, बोअरचं पाणी, नळ फिरवला की धार. "गुडघ्याला बरं पडंल, थोडे दिवस जाऊन येते," आत्याबाई म्हणाल्या. मी काय म्हणणार? "जा की," म्हणाले. त्यांची बॅग भरताना मी कपडे असे कोंबले की चेन तुटली.

थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा गेला. तोही कोरडाच गेला. एका रविवारी आम्हाला तिकडं जेवायला बोलावलं आणि ताटं हातात घेऊन सगळे लॅपटॉपसमोर बसलो. चौथा भाग. बघते तर ड्रायव्हर बदललेला! कुणीतरी गुळगुळीत दाढीचा, केस चापून बसवलेला बाप्या साखळी फिरवतोय.

"हा कोण मेला?" मी विचारलं.

"ताई, कॅरेक्टर तेच आहे. फक्त अ‍ॅक्टर नवीन," जाऊ म्हणाली.

"नवा बी बरा हाय गं," आत्याबाई म्हणाल्या. "सवय झाली की तोच वाटतो."

मला वाटलं, हे सिनेमाचं नाही, माझंच चाललंय. आत्याबाई जावेच्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडं असताना भिंतीला टेकायच्या. सिनेमा शेवटपर्यंत निवांत चालला, कुणाला उठायचं कारणच नव्हतं. शेवटी कारखाना धाडकन उडाला आणि नावं आली.

"भरलेला हंडा," आत्याबाईंनी निकाल दिला.

"तांब्या!" मी म्हणाले. "तोही गळका. जिथं नळ फिरवला की पाणी येतं, तिथं हंडा द्यायला काय जातंय?"

"अगं, पण..."

"पण नाही न् बिण नाही. जेवा तुम्ही." आणि मी ताटावरून उठले. परतीच्या वाटेला ह्यांच्या मागं गाडीवर बसले. अंगाचा नुसता तिळपापड झालेला. सिनेमाचं एवढं काय घेऊन बसलीस, असं कुणी म्हणेल. अहो, सिनेमा गेला खड्ड्यात! ती म्हातारी माझी होती. माझ्या दुपारी होत्या त्या. जावेनं एक लॅपटॉप उघडला आणि अलगद उचलून नेल्या. पाचवा भाग दोघींनी माझ्याविना पाहिला, हे मला दिराकडून कळलं. मी विचारलंसुद्धा नाही कसा होता ते.

अबोला लांबला तशी जावेनं दिराच्या हाती एक पेन ड्राइव्ह पाठवला. ताईंना जुने भाग आवडतात म्हणून त्यात ते तिन्ही भरून दिले होते. मला वाटलं, टोमणा मारतेय भवानी. तरी एका दुपारी टीव्हीला लावलाच. त्या दिवशी टँकर नव्हता. पहिला भाग मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला.

ड्रायव्हर खाणीत उतरला. बायको कुठं दिसेना. त्यानं कॅन उचलला तर त्यात पेट्रोल. ते ओतलं, काडी लावली, धडाम! मग यानं काळा चष्मा चढवला, ट्रकमध्ये बसला आणि नावं आली. मी मागं नेऊन पुन्हा पाहिलं. नाहीच. दुसरा लावला, तर वाकड्या कानाच्या डोक्यात गोळी. तिसऱ्यातही तोच धुरळा.

मी तिथल्या तिथं फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आत्याबाई, खाणीचा तर स्फोट होतो."

पलीकडून आवाज आला, "व्हय."

"मग ते ओंजळीतलं पाणी? आणि भाकर?"

"तू उन्हातनं भांडून, डोक्यावर हंडा घेऊन यायचीस," त्या म्हणाल्या. "तोंड लालभडक झालेलं. त्या येड्यानं नुसता बार उडवला, एवढंच सांगू व्हय तुला?"

चांगली सून असते तर काहीतरी गोड बोलले असते. मी विचारलं, "धाकटीलाही असंच सांगता का?"

"तिला काय सांगायचं? ती शेजारीच बसलेली असती की."

पुढं कितीतरी दिवस मी हवेत होते. भांडी घासताना गाणी म्हणत होते. जावेनं घ्यावा की फ्लॅट, घ्यावा लॅपटॉप. तिला फक्त सिनेमा मिळाला होता.

उन्हाळा चढला आणि त्यांच्या इमारतीची बोअर आटली. पाणी नाही म्हणून संडास बंद, सगळे हैराण. दीर, जाऊ आणि आत्याबाई कपड्यांच्या बॅगा घेऊन आमच्याकडं आले. आमच्याकडं निदान टँकर तरी येत होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आत्याबाई आपल्या जुन्या पलंगावर बसल्या, मी त्यांना चिकटून बसले आणि धाकटी खाली चटईवर. तिनं लॅपटॉपवर सहावा भाग लावला, शेवटचा. ड्रायव्हर आता तिसराच कुणीतरी होता, पण वाकड्या कानाचा अजून होता, जरा सुटलेला. आत्याबाईंनी मला कोपर मारलं, मी त्यांना मारलं. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

मी पदर खोचला, तर धाकटी आधीच उभी. "ताई, तुम्ही बसा. इतकी वर्षं तुम्हीच गेलात. आज मी जाते."

"जा पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "मी सांगते तुला पुढचं."

वर्षभर ज्या जागेसाठी जळत होते, ती पलंगावरची जागा मला मिळाली होती आणि आता तिथं बसून मला तो मेला स्फोट बघावा लागणार होता. आणि पाणी, भाकर, जे काय असेल ते, हिला? मी उडी मारून हंडा धरला. तिनंही सोडला नाही.

"सोड. रांगेत बाया ढकलतात."

"शिकेन की, ताई."

"उद्या शिक. आज नाही." हंडा हिसकावला आणि चपलासुद्धा न घालता पळाले. रांगेत घराकडं पाठ करून उभी राहिले, न जाणो एखादा आवाज कानावर यायचा.

परत आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता. धाकटी तोंड वाकडं करून बसलेली. "काही दम नव्हता, ताई. शेवटी तो नुसता..."

"तू गप गं!" मी ओरडलेच. हंडा टेकवला, पदरानं मान पुसली आणि खाली आत्याबाईंच्या पायाशी बसले. "हं. सांगा."

आत्याबाईंनी एकदा धाकटीकडं पाहिलं, गुडघा हातानं सरळ केला आणि आवाज खाली आणला. "तर तो साखळी खाली ठिवतो. अन् त्या वाकड्या कानाच्याला म्हणतो, अरं, तुझी घरी कुणी वाट बघत नाय का..."

सगळं डोळ्यांनी पाहून बसलेली धाकटी सरकत सरकत माझ्या शेजारी आली आणि तोंड उघडं टाकून ऐकायला लागली. मी तिला कोपरानं जरा लांब सारलं.