पोळपाटाचा कौल

नांदगावातल्या माझ्या शेजाऱ्याला चहा हवा की कॉफी हेही पटकन ठरवता येत नाही. "थांब वायच," म्हणतो, म्हणजे जरा थांब, आणि कौलांकडे बघत बसतो. रिकाम्या गोठ्यात आडव्या टाकलेल्या जुन्या दारावर त्याने खेळण्यातली रेल्वे मांडली आहे. इंजिनाचं तोंड वळवायला त्याला फिरती चकती हवी होती. केकचं स्टँड, रेकॉर्ड प्लेअर, सगळं तपासून शेवटी त्याने वहिनींचा पोळपाट उचलला आणि त्याखाली बंद मायक्रोवेव्हची मोटर बसवली.

त्या मोटरीला एक खोड आहे. बटण दाबलं की ती कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, आणि आधी काही सांगता येत नाही. गावाने हे बरोबर हेरलं. देवळात कौल लावतात तसंच, उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नको. कोणी काजूची बाग विकू का विचारायला येई, कोणी मुलीचं स्थळ घेऊन.

"ह्यां इंजिन फिरवूचा चाक आसा रे, देव न्हय," तो प्रत्येकावर खेकसायचा आणि बटण दाबायचा.

परवा त्याच्या मुलाने मुंबईहून एकाच दिशेने फिरणारी चांगली मोटर पाठवली. मी म्हटलं, बसवून टाक, लोकांचा ताप तरी जाईल.

"थांब वायच."

त्याने खोकं पोळपाटासमोर ठेवलं, चपला काढल्या, बटण दाबलं. पोळपाट डावीकडे फिरला.

"पोळपाट नको म्हणता," तो म्हणाला आणि त्याने खोकं माळ्यावर टाकलं.

मी हसत दारापर्यंत गेलो. डॉक्टरांनी सांगितलेल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल मी अजून घरीही बोललो नव्हतो.

मागे फिरलो आणि चपला काढल्या.