बंद शटरमागच्या पिवळ्या रेघा

इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला मिळतं म्हणून वाचतोय. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मी मेकॅनिकल डिप्लोमावाला माणूस. माझ्या लेखी आवाज आला की कुठलं तरी बेअरिंग गेलेलं असतं, विषय संपला. आज मीच लिहायला बसलोय, तर हसा खुशाल. फक्त एक सांगतो, हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये. लाज वाटतेय.

जागा आधी नीट सांगतो, कारण पहिली कमेंट त्यावरच येणार. छत्रपती संभाजीनगर, सिडको, एन-सहा. आमचं रो-हाऊस, खाली शटरचं गॅरेज. खिडकी नाही. मागच्या भिंतीला वीतभर जाळी, त्यातून मांजरही येणार नाही. शटरची किल्ली एकच, ती माझ्या गाडीच्या किल्ल्यांत. जुन्या कुलपाची एक किल्ली वर्षापूर्वी हरवली, तेव्हा मी कुलूपच बदललं होतं.

आत उभी आहे टोयोटा सेलिका, ऐंशीच्या दशकातली, लाल, डाव्या हाताला स्टिअरिंग. माझ्या मामांनी मस्कतला नोकरीत असताना घेतली आणि परत येताना बोटीनं आणली. मामा गेल्यावर ती लासूर स्टेशनला त्यांच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे पडून होती. चार वर्षांपूर्वी ट्रकवर घालून घरी आणली. तेव्हापासून माझे सगळे रविवार तिच्याखाली आडवं होण्यात गेले. बायको म्हणते, तुझं डोकं मला आठवत नाही, पाय ओळखते.

हे काम एकट्याचं नाही. मला खरात काका भेटले. राहायला बजाजनगर, वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर, आता रिटायर्ड. जुन्या गाड्यांचं भारी वेड. आमचा जुन्या गाड्यावाल्यांचा एक क्लब आहे, त्यातल्या सात-आठ जणांच्या गाड्या त्यांनीच उभ्या केल्या. सकाळी शटरखालून वाकून "जय भीम, भाऊ" म्हणत आत यायचे आणि शर्ट काढून खिळ्याला लावायचे.

त्यांची एक सवय होती, कंपनीतली. बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लावायचा ते दाखवणाऱ्या पान्यानं आवळला की त्यावर पिवळ्या पेंट-मार्करनं एक रेघ मारायची. बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर जाणारी. ते डावखुरे, त्यामुळे त्यांची रेघ उलटी तिरकी यायची. मी चिडवायचो, काका, गाडीला हळद लावताय का? ते म्हणायचे, "रेघ हाय म्हंजे आवळलेला हाय. रेघ नाय म्हंजे नाय. इचारायचंच काम नाय."

आता ते, जे सांगायचं टाळत इतकं लांबण लावलं.

मी या गाडीला जपानहून जुळे कार्ब्युरेटर मागवले होते. त्यातले पेट्रोल मोजून सोडणारे पितळी जेट, बोटाच्या पेराएवढे, एका डबीत होते. मागच्या पावसाळ्यात ती डबी दिसेना. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये पाच माणसं येऊन गेली होती. क्लबातले दोन मित्र, माझा मेहुणा, एक इलेक्ट्रिशियन आणि खरात काका. आई म्हणाली, "बाहेरचं माणूस घरात घेतलं की असंच होतं." तिनं नाव घेतलं नाही. तिला घ्यावं लागलं नाही, माझ्या मनात ते आधीच आलं होतं. बाकीचे चौघे आमच्यातले होते आणि काका नव्हते, एवढाच माझा पुरावा. शिकलेला माणूस मी, ऑफिसात समतेवर भाषणं ऐकून टाळ्या वाजवणारा. ते लिहिताना आत्ताही हात थांबतोय.

काकांना तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही. क्लबच्या ग्रुपवर लिहिलं, "वाळूजकडून येणाऱ्या रिटायर्ड मिस्त्रींना गॅरेजमध्ये एकटं सोडू नका, माझे जेट गेले." नाव नाही घेतलं. तसे मिस्त्री एकच होते.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मीही फोन केला नाही. हळूहळू क्लबातल्या सगळ्यांनीच त्यांना बोलावणं सोडलं.

दिवाळीच्या साफसफाईत डबी सापडली. माळ्यावर, जुन्या हेडलाइटच्या खोक्यात. बघितल्याबरोबर आठवलं, मीच ठेवली होती. सांडतील म्हणून, जपून.

मी काय केलं? जेट बसवले, आणि ग्रुपवर टाकलं, "नवीन सेट मागवला, गाडी सुरू!" लोकांनी लाइकचे अंगठे टाकले.

मग बाकीचं काम एकट्यानं रेटलं. होळीनंतरच्या रविवारी पहिली मोठी फेरी ठरली. आईला तिच्या भावाच्या गाडीतून दौलताबादचा घाट चढून वेरूळला न्यायचं. शनिवारी संध्याकाळी चारही चाकं चढवली, शटर ओढलं, कुलूप लावलं.

रविवारी सकाळी दहाला शटर वर केलं तर पेंटचा वास आला. ऊन थेट पुढच्या चाकावर पडत होतं, आणि चाकाच्या चारही नटांवर पिवळी रेघ होती. उलटी तिरकी. बोट लावलं तर ओली. बोटाला रंग आला.

पहिल्यांदा मला हसूच आलं, म्हटलं काका येऊन गेले वाटतं. मग हातातल्या किल्लीकडे लक्ष गेलं. आणि मग हे, की माझ्याकडे तसला मार्कर कधी नव्हताच, तो त्यांच्या पेटीत असायचा.

जॅक लावून उजवं चाक काढलं. आतला ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, धरणारे दोन बोल्ट, दोन्हींवर रेघ. अहो, चाक काढल्याशिवाय तिथं हात जात नाही! स्टिअरिंगच्या रॉडवर रेघ. सस्पेन्शनच्या प्रत्येक नटावर रेघ. मी वेड्यासारखा एकेक बघत गेलो. डावं चाक काढलं. कॅलिपरच्या वरच्या बोल्टवर रेघ होती.

खालच्यावर नव्हती.

पाना घ्यायला वळलो आणि सहज बोटांनी धरला, तर बोल्ट बोटांनीच फिरला. मी तो नुसता अडकवून ठेवला होता, आवळायचा राहून गेला होता. घाटाच्या उतारावर तो गळून कॅलिपर चाकात अडकलं असतं, आणि शेजारी आई. मी तिथंच फरशीवर बसलो. मग पार आडवा झालो आणि तो आवळला.

समोरच्यांचा कॅमेरा बरोबर आमच्या शटरवर आहे. त्यांना सांगून शनिवार संध्याकाळपासूनचं सगळं रेकॉर्डिंग बघितलं. एक कुत्रं येऊन दारात झोपलं आणि उठून गेलं. शटर हललं नाही.

आईला सांगितलं, पेट्रोलचा पंप बिघडलाय. आणि स्कूटर काढून बजाजनगर गाठलं. वाटेत मनात एकच होतं, काकांनी म्हणावं की हो, मीच आलो होतो. डुप्लिकेट किल्ली केली, काहीही केलं. मला ते चाललं असतं.

काका खाटेवर बसून टीव्ही बघत होते. मला बघून उठले. मी धापा टाकत, बूटही न काढता दारातूनच विचारलं, "काका, काल तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये आला होता का?"

त्यांनी टीव्ही बंद केला. "आता काय गेलं, साहेब?"

भाऊ नाही, साहेब. मी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी खाटेखालून पेटी ओढली, पेपर पसरला आणि पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर एकेक करून मांडायला लागले. मग शर्टाचा खिसा उलटा केला, पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढले. "चौतीस वर्षं गेटवर झडती दिली," ते म्हणाले. "सवय हाय मला. बघून घ्या." काकू पाण्याचा ग्लास घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

पेपरवर पिवळा मार्कर होता. मी तो उचलून पेपरवर ओढला. काहीच उमटलं नाही.

"वाळला तो तवाच," काका म्हणाले. "काम कुठं हाय आता?"

मी माझं बोट दाखवलं, नखाच्या कडेला पिवळा रंग होता. सगळं सांगितलं. रेघा, कुलूप, कॅमेरा, एक बोल्ट सैल निघाला ते. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "डाव्या चाकाचा, खालचा?"

मी कुठला बोल्ट ते सांगितलंच नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुमी दरवेळी त्योच सोडता. पार आडवं व्हावं लागतं तिथं, कंबर दुखती तुमची. मी मागून आवळून टाकायचो. बोललो नाय कधी."

मग मला राहवलं नाही. डबी सापडली म्हणून सांगून टाकलं.

"कवा?"

"दिवाळीत."

"होळी झाली की, साहेब."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "पोरीच्या सासरपोत्तर गेलं हो ते. जावयानं इचारलं ह्यान्ला, खरं हाय का म्हणून. चार दिस जेवले नाय हे."

मी पाया पडायला वाकलो तर काकांनी पाय मागे घेतले. "पाया नका पडू. ग्रुपवर लिवलं होतं ना? ग्रुपवरच लिवा." आणि पाने पुसून परत पेटीत ठेवायला लागले. मी तिथं उभा आहे की गेलो, हे त्यांनी बघितलंही नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. सुरुवात रेघांपासून केली, फोटो टाकले, बंद शटर, ओला रंग, सैल बोल्ट. ते लिहिणं सोपं होतं. जेटपाशी आलो आणि म्हटलं, हे वेगळ्या मेसेजमध्ये लिहू. ग्रुपवर नुसती धमाल उडाली. कुणी म्हणालं गाडीत मामा आहेत, कुणी म्हणालं पूजा घाल. मग एकानं विचारलं, "हे तेच मिस्त्री ना, तुझे जेट उचलणारे? आधी गॅरेजमधून आणखी काय गेलं ते बघ." खाली हसणारे चेहरे.

याला तीन आठवडे झाले. रेघा वाळल्या, अजून आहेत, मी पुसलेल्या नाहीत. त्या कुणी मारल्या याचा उलगडा मला झालेला नाही, आणि तुमच्यापैकी कुणी करून देईल असंही वाटत नाही. पण ग्रुपवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, एका ओळीचं आहे. रोज टाइप करतो आणि खोडतो.

इथं मात्र सगळं लिहिलं. कारण इथं मला कुणी ओळखत नाही. माझं नाव टोपणनाव आहे, गाडीचा रंग बदललाय, काकांचं आडनावही बदललंय. म्हणजे त्यांना याचा काडीचाही उपयोग नाही.