खाप्यात यंदा राज्य कोणावर?

सरांच्या टीममध्ये एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. सत्तरच्या दशकाचा शेवट, मी नागपूरला अँथ्रोपॉलॉजीत एम.ए. करत होते. राजे कसे तयार होतात, राजा नसेल तिथे भांडणं कोण मिटवतं, याची सर वेगवेगळ्या समाजांत तुलना करणार होते. सोमवारी प्रत्येकाने स्वतः जाऊन आणलेलं काहीतरी मांडायचं होतं. माझ्याकडे बघून सर म्हणाले, "कॉन्व्हेंटची मराठी गावात चालेल का?" झालं! शनिवारी सकाळी मी एसटी स्टँडवर.

खापा हे विणकरांचं गाव मी निवडलं होतं. तिथे जायचं तर सावनेरला बस बदलायची. सावनेरपर्यंत रस्ता बरा, पुढे हाडं मोजून घ्या. दुसऱ्या बसचा भरवसा नसायचा, म्हणून स्टँडवरच तर्री-पोहे खाल्लेले बरे.

खाप्यात उतरलं की विणकरांची आळी कानानेच सापडते. घराघरातून मागाची खटखट. पहिल्याच ओसरीवर साठीच्या सिंधूबाई सुताच्या कांड्या भरत होत्या, सोबत दोघी सुना. मी वही काढली आणि इंग्रजीतून मराठीत करून घोकून आणलेला प्रश्न विचारला, तुमच्यावर राज्य कोणाचं होतं? गोंड राजे, भोसले, इंग्रज, तिन्ही उत्तरांसाठी रकाने आखून नेले होते.

"यंदा महादूवर आहे," त्या म्हणाल्या.

चौथा रकाना आखला. महादू, स्थानिक राजा. त्याच्या वडिलांचंही राज्य होतं का, ते बसतात कुठे, असं विचारत सुटले. सुना पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आपली मराठी इथेच संपली, असं वाटून माझे कान तापले.

सिंधूबाईंनी कांडी खाली ठेवली. "काहून वं, लहानपणी पकडापकडी खेळली नाही का तू? ज्याच्यावर राज्य येते त्याले पळा लागते."

आमच्या शाळेत त्याला 'डेन' म्हणायचे. खेळातलं राज्य मला माहीतच नव्हतं!

मग खोदून विचारलं. आळीच्या पंचायतीला कायमचा प्रमुख नाही. दर दिवाळीला राज्य दुसऱ्या घरावर येतं. भांडण झालं की त्या घरच्या कर्त्याने धावायचं, मयत झाली की माणसं गोळा करायची, पाहुणे जेवू घालायचे. दुपारी महादू घामाघूम होऊन आले, दोन भावांचं भिंतीवरून झालेलं भांडण मिटवून. पुढेही तुम्हीच राहा म्हटलं तर राहाल का, मी विचारलं.

"माया माग सहा दिवसांपासून बंद पडून राहिला, बाई. तुमाले पायजे तर घेऊन जा राज्य नागपूरले."

मी वाचलेल्या पुस्तकांत सत्ता मिळाली की माणूस सोडत नाही. इथे अख्खी आळी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायला टपलेली! सिंधूबाईंकडे अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाऊन संध्याकाळच्या बसने परतले. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यासाठी खाप्याला गेलीस? मला विचारायचं."

सोमवारी मांडलं. सरांनी विचारलं, राज्यासाठी इंग्रजी शब्द कोणता घेशील, ऑफिस म्हणजे पद, की पॉवर म्हणजे सत्ता? मी म्हटलं, कोणताच नाही सर, राज्यच ठेवू. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावरच्या इंग्रजी रकान्यांच्या मधोमध देवनागरीत लिहिलं, राज्य. त्याच्या खाली माझं नाव.

त्या टीमबरोबर पुढे पुष्कळ गावं फिरले. अजूनही नव्या गावात गेले की राजाची चौकशी करत नाही. ओसरीवर टेकते आणि विचारते, यंदा कोणावर आहे?