मांडीवरची गिटार

निपाणीचे तंबाखूचे दलाल रायाप्पा यांची थोरली मुलगी ब्राह्मी. लहानपणीच्या तापात तिचा एक पाय लुळा पडला, आणि लग्नाचं वय उलटल्यावर घरात कुणी तो विषय काढेनासं झालं. धाकटा भाऊ धनपाल कोल्हापुरात एका सिनेमा कंपनीत गिटार वाजवायचा. व्यापाऱ्याच्या पोरानं तारा छेडत बसावं हे रायाप्पांना सहन झालं नाही. त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

१९४२च्या उन्हाळ्यात धनपाल छातीचं दुखणं घेऊन घरी आला. माडीवर त्याची सेवा ब्राह्मीच करायची.

एक दिवस तो म्हणाला, "आक्का, मला आता बसवत न्हाय. तू घे हिला मांडीवर."

ही गिटार आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची. तारांखालच्या पट्टीवर त्यानं कागदाचे तुकडे डकवून सा रे ग म लिहून दिलं. सूर जुळवायचा स्वरकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायला शिकवलं.

"सूर आधी मनात म्हण," तो सांगायचा, "मगच कांडी हलीव."

आषाढात तो गेला. रायाप्पांनी गिटार माळ्यावर टाकायला लावली.

दिवाळीनंतर ब्राह्मीनं आई धोंडूबाईला ती खाली काढायला लावली. दुपारी रायाप्पा तंबाखूच्या वखारीत असताना ती वाजवायला बसायची. शिकवणारं कुणी नव्हतं. घरात ग्रामोफोन आणि चार तबकड्या होत्या. फिरत्या तबकडीवर बोट हलकं टेकवलं की गाणं मंदावायचं आणि स्वरांची वाट कळायची. पण सूरही खाली यायचा. म्हणून ती आधी हळू ऐकून स्वर वहीत लिहायची, मग पूर्ण वेगात ऐकून गिटारीवर जुळवायची. एका ओळीला आठ-आठ दिवस जायचे.

एकदा लिलाव लवकर आटोपला आणि रायाप्पा दुपारीच घरी आले. जिन्यात त्यांची चाहूल लागताच ब्राह्मी थांबली.

"कुणी शिकीवलं?"

"धनपालनं. निम्मंच शिकीवलंय, आप्पा."

ते पायरीवरच बसले. "मी त्याचं कधी ऐकलंच न्हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "वाजीव."

तिनं आई म्हणायची ते स्तवन वाजवलं. मध्येच कांडी घसरली, तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. संपल्यावर रायाप्पांनी विचारलं,

"त्यो असंच वाजवायचा?"

"न्हाय, आप्पा. लई बरं वाजवायचा."

रायाप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. खाली धोंडूबाई ताट वाढून वाट बघत राहिली. ते उठलेच नाहीत.

महिन्याभरानं एक तार तुटली. तेव्हा रायाप्पा स्वतः कोल्हापूरला गेले आणि मुलाच्या त्या कंपनीची पायरी पहिल्यांदाच चढले. तारांचा जुडगा घेऊन आले, शिवाय धनपालसोबत वाजवणाऱ्या एका जोडीदाराला कंपनीच्या सुट्टीला, दर अमावास्येला, येऊन शिकवायला कबूल करून आले. त्यानं ब्राह्मीला चार वर्षं शिकवलं.

१९४७च्या पर्युषणात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जिनदेवापुढं ब्राह्मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसली. आरतीनंतर गिटार घ्यायला गडी पुढं आला. रायाप्पांनी त्याला बाजूला सारलं, गिटार आपल्या खांद्यावर घेतली आणि भर पेठेतून घरी निघाले.