नेम चुकवणारे प्रभाकरभाऊ

प्रभाकरभाऊ गजभिये दर ऑक्टोबरात एक जुना शर्ट विकत घेत, तो कापून घेण्यासाठी. अमेरिकेतल्या कॅरी गावात जुन्या कपड्यांचं एक दुकान होतं. तिथे ते हँगरवरचे शर्ट एकेक करून खाली काढत. कॉलर बघत नसत, बाह्या बघत नसत. मागचा घोळ मात्र वितीने मोजत. माझी त्यांची पहिली भेट तिथेच झाली. मी पुण्याहून नुकताच आलो होतो आणि थंडीसाठी कोट शोधत होतो. माझ्या काखेतलं मराठी पुस्तक पाहून ते सरळ माझ्यापाशी आले.

"दुकानात पुस्तक घेऊन फिरून राहिला, म्हणजे पुण्याचाच असशील," ते म्हणाले. "बरं सांग, हा घोळ ऐटीत कापता येईल का?"

मला काहीच कळलं नाही. मी उगाच मान हलवली आणि त्यांनी तो शर्ट घेतला. बाहेर आल्यावर, मी न विचारताच, त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं.

ते आणि मी एकाच औषध कंपनीत होतो, हे तेव्हाच कळलं. ते प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करत. मी तिसऱ्या मजल्यावर कागदपत्रं लावत असे. त्यांच्याच विभागातले अर्ल आणि डेनिस हे त्यांचे दोन दोस्त. अर्लच्या सासऱ्यांची उत्तरेकडे दीड तासावर जमीन होती. ओक आणि पाइनचं रान, मधून एक ओढा आणि एक लाकडी खोपटं. दर नोव्हेंबरात हे तिघे बुधवारी संध्याकाळी तिथे जात आणि शनिवारी रात्री परतत. रविवारी त्या राज्यात बंदुकीने शिकार करायला बंदी होती आणि अर्लला चर्चही चुकवायचं नसे. शिकार पांढऱ्या शेपटीच्या हरणांची. त्या भागातल्या शिकाऱ्यांची एक जुनी रीत होती: ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ संध्याकाळी सगळ्यांसमोर कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो तुकडा भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. भाऊंचे तोवर चार तुकडे लागले होते.

"अर्लचा एक आहे, डेनिसचे दोन," ते अभिमानाने सांगत. "बाकी भिंत आपली."

पुढे तीन वर्षं आम्ही एकाच गाडीतून कामावर गेलो. गाडी त्यांची, कारण मला चालवता येत नव्हती. मी त्यांना एकदा काका म्हटलं, तर म्हणाले, "काका काऊन म्हणतं बे? भाऊ म्हण. काका म्हटलं की माणसाला गुडघे आठवतात." ते भंडाऱ्याकडचे, नागपुरात शिकलेले, अमेरिकेत येऊन वीस वर्षं झालेले. त्यांच्या पत्नी शालिनीताई मी येण्याच्या पाच वर्षं आधी वारल्या होत्या. मुलगी कविता दूर पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमाँटला असे. दर रविवारी तिचा फोन येई. हे मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई आणि दहा मिनिटांत फोन संपे. शालिनीताईंबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत. घरात एक फोटो होता, त्याला हार नव्हता. मी एकदा फोटोकडे बघत राहिलो, तेव्हा ते "चहा घेशील?" म्हणाले आणि आत गेले.

बुद्धजयंतीला आणि चौदा एप्रिलला आठ-दहा मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमत. भाऊ तिथे खुर्च्या मांडत, मुलांना उचलून घेत, सगळ्यांच्या मागून जेवत आणि सर्वांत आधी निघत. एकदा मी गाडीत विचारलं, एवढ्या लवकर का? म्हणाले, "सगळे जोडीजोडीनं निघतात ना रे. आपण आधीच निघालेलं बरं." आणि लगेच आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं: "जंगलात बोलला तो उपाशी, घरात नाही बोलला तो उपाशी." हे वाक्य ते कुठेही वापरत. मला ते नुसतीच गंमत वाटे.

दुसऱ्या नोव्हेंबरात ते म्हणाले, "चल बे पुणेकर. बंदूक नको धरू. नारिंगी जाकीट घाल, नाहीतर तुलाच हरीण समजतील, आणि गप्प बस. गप्प बसणं तर तुला येतेच."

मी गेलो. पहिल्या संध्याकाळी भाऊंनी डेनिसने गोठवून ठेवलेलं गेल्या वर्षीचं हरणाचं मटण सावजी मसाल्यात केलं. अर्ल हा सहा फुटी, लाल मानेचा, फार कमी बोलणारा माणूस. दुसऱ्याच घासाला त्याच्या कपाळावर घाम आला.

"पीजी," तो म्हणाला, "हे तू शत्रूंना वाढतोस की मित्रांना?" गजभिये हे नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून भाऊ तिथे पीजी होते.

"शत्रूंसाठी मी तिखट कमी टाकतो," भाऊ म्हणाले. डेनिस हसता हसता ठसकला. मी शाकाहारी, पाव आणि लोणचं खात कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होतो. कामावर एका वाक्यात उत्तर देणारा हा माणूस इथे पाय पसरून बसला होता. मला झोप आली तेव्हाही तिघांचं बोलणं चालूच होतं.

सकाळी भाऊ आणि मी एका झाडाला टेकवलेल्या शिडीवरच्या मचाणात बसलो. दोन तास काहीच हललं नाही. मग ओढ्याकडून एक शिंगांचा नर आला आणि चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. भाऊंनी बंदूक खांद्याला लावली. मी श्वास रोखला. बंदुकीची नळी आधी हरणावर स्थिरावली आणि मग अगदी सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी, डावीकडे सरकली. तिथे एका पॉप्लरचं जाड खोड होतं. गोळी त्या खोडात शिरली. पांढरी शेपटी उभारून हरीण दोन उड्यांत दिसेनासं झालं.

"गेलं लेकाचं," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

मी पाहिलं होतं, हे त्यांना कळलं की नाही, मला ठाऊक नाही. दिवसभर माझं मन भरून आलं होतं. पाली वाङ्मयाची भाषांतरं मी वाचली होती. हा माणूस हाती बंदूक घेऊन जीव वाचवतो, वर दरवर्षी हसं करून घेतो, असं मला वाटलं. आदल्याच रात्री त्यांनी हरणाच्या मटणाचे दोन वाडगे संपवले होते, हेही मी पाहिलं होतं. पण पाहिलेल्यापेक्षा वाचलेल्यावर मी नेहमीच जास्त विश्वास ठेवत आलो आहे.

संध्याकाळी डेनिसने कात्री काढली. "पीजी, सहावं वर्ष! आता दुसरी भिंत बांधावी लागेल."

"ह्याला दहा पावलांवर गाय उभी करून द्या," अर्ल म्हणाला, "गाय म्हातारी होऊन मरेल."

भाऊ पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. "मागून काय ते कापा. पुढे थोडी इज्जत आहे."

आणि तेव्हा मी बोललो. सहसा चार माणसांत तोंड न उघडणारा मी, पुस्तकी इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द तोलत बोललो. म्हणालो, यांचा नेम चुकत नाही. सकाळी मी स्वतः पाहिलं. ते मुद्दाम झाडावर गोळी मारतात. ते बौद्ध आहेत. त्यांच्या धर्मात जीव घेत नाहीत, आणि तुम्ही त्याबद्दल त्यांना हसता.

डेनिसने कात्री टेबलावर ठेवली, तीही आवाज न करता. अर्लने टोपी काढली. "सॉरी, पीजी," तो म्हणाला. "आम्हाला काय माहीत."

भाऊ अजून वाकलेलेच होते. कात्रीची वाट पाहत. मग ते हळूच उभे राहिले आणि त्यांनी शर्ट पँटीत खोचला.

शनिवारी परतताना ते पेट्रोल भरायला उतरले. टाकीत नळी लावून काचेशी आले आणि म्हणाले, "धर्माचं नाव काऊन घेतलंस?"

"मला वाटलं, तुम्ही दयेपोटी..."

"कसली दया? मटण खातो ना मी? भंडाऱ्याला आमचा बाप ससे धरून आणे. आम्ही वाट पाहत बसायचो." त्यांनी नळी काढून जागेवर लावली. "पहिल्या वर्षी अर्लनं गुरुवारी सकाळी आठ वाजताच हरीण पाडलं. ऊन होतं, मटण खराब होते ना. दहाला त्याला ट्रकमध्ये घातलं, बाराला खाटकाकडे दिलं, एकला मी माझ्या घरी. सुट्टी टाकली होती शुक्रवारची पण. शालिनीला जाऊन चार महिने झाले होते. हरीण पडलं की ट्रिप संपते, बस. त्यांच्या हातून पडलं तर मी काही करू शकत नाही. पण माझ्या हातून तरी संपू नये."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे. तुला चांगलंच वाटलं होतं." आणि गाडी सुरू केली.

पुढच्या नोव्हेंबरात त्या दोघांनी त्यांना आग्रहाने बोलावलं. या वेळी मी गेलो नाही. ते परत आले तेव्हा सोमवारी गाडीत मला सगळं सांगितलं, आणि सांगताना हसतही होते.

"डेनिसनं माझ्यासाठी भाजीचे बर्गर आणले. डझनभर! मी मटण घ्यायला गेलो, तर अर्ल माझ्याकडे असा पाहे, जसं काय मी उपास मोडून राहिलो. आणि त्याच्या हरणाला ओढत आणताना मला म्हणतो, पीजी, तू तिकडे तोंड कर. मचाण नाही, बंदूक नाही. शेकोटीजवळची चांगली खुर्ची दिली. रात्री मी बोलायला लागलो की दोघंही असे अदबीनं ऐकत, मला बोलवेना."

"तुम्ही त्यांना खरं कारण का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की मला घरी जायचं नाही, म्हणून हरीण सोडतो? अशानं कोणी आपल्याला दोस्त समजते काय?" सिग्नल लागला होता. ते समोर बघत म्हणाले, "पुणेकर, तू मला पाहुणा करून टाकलं बे."

त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. पुढच्या वर्षी कामाचं निमित्त सांगून ते गेले नाहीत. नोव्हेंबरातली ती गुरुवार-शुक्रवारची सुट्टी त्यांनी तरीही घेतली होती. शुक्रवारी मी भाजी घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर एकटेच यंत्राच्या सुट्या भागांना तेल देत बसले होते. दोघांनी चहा घेतला. गप्प बसणं मला येतच होतं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी ते मला न्यायला आले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं होतं.

कविता फ्रीमाँटहून आली. अंत्यविधीच्या ठिकाणी आम्ही वीसेक माणसं असू. त्रिशरण आणि पंचशील म्हटलं गेलं. अर्ल आणि डेनिस कोट घालून मागच्या रांगेत उभे होते. बाहेर पडल्यावर गाड्यांपाशी मी अर्लकडे गेलो. दोन वर्षं माझ्या मनात होतं ते बोलून टाकलं: तेव्हा मी सांगायला नको होतं, आणि जे सांगितलं तेही चूक होतं.

अर्लने बराच वेळ बोटांत किल्ल्या फिरवल्या.

"आम्हाला दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं," तो म्हणाला. "डेनिसनं ते झाड पाहिलं होतं. सगळ्या गोळ्या एकाच जागी, तळहाताएवढ्या जागेत. इतका चांगला नेम आमच्यापैकी कोणाचाच नव्हता."

"मग तुम्ही सॉरी का म्हणालात?"

"तू धर्म म्हणालास. तो आम्हाला माहीत नव्हता. धर्म म्हटल्यावर माणूस टोपी काढतो." त्याने किल्ल्या खिशात टाकल्या. "आणि खरं सांगू, आम्हालाही लवकर घरी जायचं नसायचं. पीजी असला की रात्र मोठी व्हायची. तो शालिनीबद्दल बोलायचा."

तिचं नाव त्याने नीट उच्चारलं.

"काय बोलायचे?" मी विचारलं.

"सगळंच. ती गाडी शिकली, तेव्हा तिला डावीकडे वळायची भीती वाटायची, समोरून येणाऱ्या गाड्यांमुळे. म्हणून ती फक्त उजवीकडेच वळायची. रस्त्यापलीकडच्या दुकानात जायला अख्खं गाव फिरून यायची. एकदा दूध आणायला गेली आणि पाऊण तासाने परतली. पीजी दारात उभा. तर म्हणाली, आज एकही डावं वळण नाही, पेढे आण." अर्ल हसला आणि मग त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. "तुला तर हे माहीतच असेल. तुम्ही एकाच भाषेचे."

मी नाही म्हणालो. तो ट्रकला टेकला आणि पहिल्यापासून सांगू लागला. कविताही येऊन आमच्याजवळ उभी राहिली. तिलाही त्यातलं बरंच माहीत नव्हतं. शालिनीताईंबद्दल मला आज जे काही ठाऊक आहे, ते त्या दुपारी अर्लकडून ऐकलेलं आहे, इंग्रजीतून.