उंबरा ओलांडलेला तीन

एक्सला चिकटलेला तीन मी बरोबरच्या चिन्हापलीकडं नेला आणि उणे करून टाकला. एकदा चुकून केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी हिवाळाभर तेच केलं आणि वर सुनेलाही तेच शिकवलं, तेही छाती पुढं काढून. दहावीला गणितात पास झालेली बाई ना मी! रहिमतपूरला, माझ्या माहेरी, आमच्या आळीतल्या मुलींत ते जमलेली मी एकटीच, म्हणून पुढं जन्मभर मिरवलं. काय शिकले होते ते विसरले. पास झाले होते तेवढं लक्षात राहिलं.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे आजच्या मानानं पोरगीच. गुडघे शाबूत होते, आवाज खणखणीत होता, अक्कल तेवढी यायची होती. आता चार ओळी लिहिल्या की मनगट धरतं आणि मी पेन ठेवून नुसती बसून राहते.

सून आमच्या गावच्या, कुंडलच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. तिथल्या सेविकाबाई उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी सुनेचा नंबर लागण्यासारखा होता, पण त्याला दहावी पाहिजे. हिची शाळा नववीलाच सुटलेली. म्हणून ती बाहेरून परीक्षेला बसली. बाकीचे विषय तिचे तिनं रेटले. अडलं गणितापाशी.

"ह्यात गेले, तर जागा दुसरीला जाणार," भाकरी थापता थापता ती म्हणायची. "मग जन्मभर खिचडीच ढवळायची."

मुलगा टेम्पोवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मी म्हटलं, मी आहे की!

दुपारी ती अंगणवाडीतून यायची, जेवायची, भांडी घासायची, म्हशीला वैरण टाकायची आणि मग वही घेऊन माझ्यासमोर बसायची. मी तोवर एक झोप काढून उठलेली. चहासुद्धा तिनंच करून दिलेला. तिचे डोळे मिटायला लागले की मी फरशीवर पट्टी वाजवायची. मास्तरीणबाई!

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. "आत्या," तिनं विचारलं, "हे पलीकडं नेलं की अधिकचं उणे का हुतं?"

का ते मला कुठं ठाऊक! पण गप्प बसेन तर मी कसली? म्हटलं, "अगं, ही बरोबरची खूण म्हणजे उंबरा. लग्न होऊन उंबरा ओलांडलास तेव्हा तुझं नाव बदललं का नाही? तसंच. ओलांडला की बदललं."

ती खुदकन हसली. तिचं नाव बदललेलं, माझंही बदललेलं, त्यामुळं दोघींना ते एकदम पटलं. मलाच माझं इतकं आवडलं की शेजारणीलाही जाऊन सांगून आले.

मग गणित आलं: तीन एक्स अधिक पाच बरोबर सतरा. पाच उंबऱ्यापलीकडं गेला, उणे झाला. राहिलं तीन एक्स बरोबर बारा. इथवर ठीक. सून पेन्सिल चावत म्हणाली, "आवं, पण ह्या तीनाला अधिक न्हाई, उणे न्हाई. नुसता चिकटलाय एक्सला."

"चिकटलेला असू दे. उंबरा ओलांडतोय ना? बदल नाव."

बारा उणे तीन. एक्स बरोबर नऊ.

"आता ताळा कर," मी ऐटीत म्हटलं. उत्तर बरोबर आलं का ते बघायला ताळा करायचा, एवढं मला आठवत होतं. कुठं करायचा ते नाही. मी तिला शेवटच्या ओळीत नऊ घालायला लावले. एक्स बरोबर बारा उणे तीन, म्हणजे नऊ बरोबर नऊ. जुळला! रोज जुळायचा. जुळला की ती दमलेल्या चेहऱ्यानं उत्तर बरोबर आल्याची खूण करायची आणि चुलीकडं जायची.

सराव परीक्षा तालुक्याच्या शाळेत झाली. पेपर मिळाला त्या दिवशी ती एसटीतून उतरून घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि पीठ मळायला बसली. पिशवीतला पेपर मीच काढला. सगळी समीकरणं चूक. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात ताळा, आणि त्यावर लाल काट.

"कोण गं हा मास्तर?" मी पेटलेच. "ताळा जुळतोय तरी चूक देतो?"

"आवं आत्या," ती परातीतून मान न उचलता म्हणाली, "ज्या ओळीत नऊ घातलं ती वळ आपलीच हाय. आपलीच वळ आपल्याला खोटं कशी पाडंल? पुस्तकातल्या वळीत घाला की."

मी घातले. तीन नव्वे सत्तावीस आणि पाच बत्तीस. उजवीकडं सतरा. पुन्हा केलं, मग बोटांवर केलं. बत्तीसच.

"सर म्हणालं, चिकटलाय म्हंजी गुणलाय. पलीकडं नेला की त्यानं भागायचं. बाराला तीननं भागा."

चार. तीन चोक बारा, आणि पाच सतरा. मी चष्मा काढून पदरानं पुसला, उगीच. माझी मॅट्रिक त्या परातीशेजारी पार आडवी झाली होती, आणि खऱ्या परीक्षेला महिनासुद्धा उरला नव्हता.

पुढं ती पास झाली, काठावर का होईना. सेविकाही झाली. त्यात माझा वाटा केवढा, ते मला पेपर आला त्याच संध्याकाळी समजलं. मी अजून मास्तरकीवरून उतरले नव्हते. म्हटलं, "झालं ते झालं. उद्यापासून मी आधी पुस्तक वाचून ठेवते, मग नीट शिकवते तुला."

तिनं पीठ पुसायला हात परातीच्या काठावर घासले. रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती. म्हणाली, "आत्या, तुमी शिकवू नगा. दुपारची भांडी अन् म्हशीची वैरण तेवढी बघा, गणिताचं माझं मी बघते."