झडतीमामा आणि आमचा कॉम्प्युटर

ओळखीचा आवाज ऐकूनही झडतीमामा दार उघडत नसत. आतून नाव विचारत, काम विचारत आणि बरोबर कोण आहे तेही विचारत. मग कडी निघे. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, शेजारच्या खोलीतून वाटीभर आमटी घेऊन आलेय." तर आतून आवाज आला, "कसली?"

घोडपदेवच्या आमच्या चाळीत ते दोन खोल्या पलीकडे राहायचे. मूळचे मालवणकडचे. गिरणीत ते गेटवर होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांचे खिसे आणि डबे तपासायचे, म्हणून हे नाव पडलं. सख्खा गाववाला असला तरी त्याच्या डब्याचं झाकण काढायला लावत. लोक शिव्या घालत आणि दुसऱ्या दिवशी याच मामांकडे तंबाखू मागत.

पण त्यांचा संशयी स्वभाव नोकरीतून आलेला नव्हता. तो गिरण्यांच्या संपातून आला, असं माझी आई सांगायची. संप लांबला, घरातलं धान्य संपलं, तेव्हा गिरणीतला एक ओळखीचा माणूस चाळीत कागद घेऊन आला. "यावर सही करा, कामावर परत घेतील," म्हणाला. आमच्या मजल्यावर वाचता येणारे मामा एकटेच. त्यांनी कागद बघितला, "ठीक आहे" म्हणाले आणि पहिली सही केली. त्यांच्या शब्दावर आणखी सात जणांनी सह्या-अंगठे दिले. तो राजीनामा निघाला. वाचलेला कागद वेगळा होता, हातचलाखी करून बदलला, असं मामा सांगत. तेव्हापासून कागद असो, माणूस असो, त्यांना आधी खोट दिसायची.

मी फणसवाडीतल्या एका छापखान्यासाठी घरी टायपिंग करू लागले, तेव्हा कॉम्प्युटर घेतला. दुकानातला माणूस जोडून द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, अँटीव्हायरस टाकून घ्या. नाहीतर महिनाभरात मशीन बसेल."

मामा दारात उभे होतेच. "मशीन तूच विकलंस ना? मग ते बसणार हे तुला आधीच कसं ठाऊक?"

"तसं नाही काका, व्हायरस बाहेरून येतात."

"कोण सोडतो ते?"

"ते कोणालाच माहीत नसतं."

"आणि औषध मात्र तुझ्याकडे तयार!" मामा माझ्याकडे वळले. "माका ह्यां पटणा नाय."

तो बिचारा निघून गेला. फुकटचा अँटीव्हायरसही मिळतो असं मी मामांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांचा प्रश्न तयार होता. "फुकट देतो, मग तो जगतो कशावर? तुझ्या घरात बसून काय बघतो?"

पुढे इंटरनेट घेतलं. एका दुपारी पडद्यावर लाल चौकट उघडली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बेचाळीस व्हायरस सापडले आहेत, काढण्यासाठी इथे दाबा. माझा हात माऊसवर गेला. मागून मामा म्हणाले, "थांब गो बाय. हा आपल्या घरात कधी आला होता?"

"नाही."

"मग घरात चोर किती ते याने मोजले कसे?"

मी चौकट बंद केली. त्याच आठवड्यात छापखान्यातल्या मशीनवर कोणीतरी तीच चौकट दाबली. तिथलं काम चार दिवस बंद पडलं. ही बातमी मी मामांना सांगितली आणि चाळीत त्यांचा भाव वधारला. आता ते कॉम्प्युटरच्या बाबतीतही सल्ले देऊ लागले. "बाहेरचं काही आत घ्यायचं नाही. अँटीव्हायरसही नाही. तोही बाहेरचाच." मशीन तसंही हळू चालायचं, अँटीव्हायरसने आणखी हळू होईल, म्हणून मीही ऐकलं.

मग गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली. एके सकाळी मामा सात जणांचे कागद घेऊन आले. त्या सह्या-अंगठ्यांतलेच सात जण. सगळ्यांचे अर्ज मी टाइप करावेत, पुराव्यांच्या प्रती कॉम्प्युटरमध्ये नीट ठेवाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. "आणि तुमचा अर्ज?" मी विचारलं. "माझा राहू दे," म्हणाले आणि विषय बदलला.

दीड महिना काम चाललं. रे रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे जुने पास, पावत्या स्कॅन करायच्या आणि पेनड्राइव्हमधून घरी आणायच्या. मामा प्रत्येक कागदाबरोबर स्वतः जात, काचेवर ठेवेपर्यंत हातातून सोडत नसत. त्यातच त्या सातांतल्या शिवरामदादांच्या खोलीचं छप्पर गळलं आणि त्यांचा गिरणीचा पास भिजून त्याचा लगदा झाला. स्कॅन केलेली प्रत तेवढी उरली.

अर्जांचं शेवटचं काम उरलं होतं. मी पेनड्राइव्ह लावला, आणि बघता बघता कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फोल्डरांवर छोटा बाण दिसू लागला. एकही उघडेना. सात जणांचं सगळं त्यात होतं. कागदावर बारीकसारीक शंका काढणाऱ्या मामांनी झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये काय शिरलंय हे कधी विचारलं नव्हतं, मीही नाही.

मामा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "दुसऱ्यांदा. परत माझ्या शब्दावर."

छापखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या वाघमारेला मी बोलावलं. त्याने बॅग उघडायच्या आधी मामांनी त्याची झडतीच घेतली. हे औषध कोणाचं, फुकट का, ते काय बघतं, कोणाला सांगतं? वाघमारे न चिडता एकेक सांगत गेला. फुकट देणारे जाहिरात करतात, मोठं पॅकेज विकायला बघतात, हेही लपवलं नाही.

"मग सगळे व्हायरस पकडेल हा?"

"नाही मामा. सगळे पकडेल असं मी म्हणणार नाही. म्हणून दुसरी प्रत वेगळी ठेवायची आणि पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही."

मामांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हो म्हणणारे खूप भेटले," ते म्हणाले. "टाक."

फायली गेल्या नव्हत्या, व्हायरसने नुसत्या लपवल्या होत्या. तासाभरात सगळ्या परत दिसल्या. शिवरामदादांचा पास पडद्यावर उघडला, त्यातला तरुण चेहरा बघून मला रडूच आलं. मामा मात्र उठले आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

आम्ही शिवरामदादांच्या खोलीत गेलो. मामा उंबऱ्यातच उभे राहिले. कागद कसे जाता जाता बचावले ते त्यांनी सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "शिवराम, आणि एक. संपातलो तो कागद कोणी बदलूक नाय. मी तो वाचूकच नाय. वाचलंय म्हणून खोटा सांगितलंय."

शिवरामदादा पलंगावर बसले होते. "माका म्हायत होता," ते म्हणाले. "चष्मो तुझ्या खिशातच होतो."

"मगे सही कित्याक केलंस?"

"घरात तीन पोरां होती रे. तो कागद वाचलेलो माकाच नको होतो." शिवरामदादांनी पलंगावर सरकून जागा केली. "बस. आणि आता तुझो फॉरम भर."

मामा बसले. इतकी वर्षं एका मजल्यावर राहून त्या पलंगावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आठवा अर्ज टाइप केला.

त्यानंतर दोन वर्षांनी मामा गेले. ताप आला, परळच्या हॉस्पिटलात तीन दिवस होते. सातांपैकी जे हयात होते ते सगळे आले. गुडघेदुखीने बेजार शिवरामदादा दोन जिने उतरले आणि मला म्हणाले, "तिरडीच्या पुढे मी चालणार." तसे ते चालले. घरांच्या सोडतीत शिवरामदादांचं नाव अजून लागलेलं नाही.

मी आता दादरला राहते, आणि शेजारच्या बाया मला कॉम्प्युटरमधली जाणकार समजतात. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं, "घरच्या मशीनला अँटीव्हायरस लागतोच का हो? की नुसती विकायची युक्ती?" मी विचारलं, "मशीनमध्ये काय आहे?" ती म्हणाली, "विशेष काही नाही. आईचे शेवटचे फोटो." मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले.